हरिसिंग मास्तरांचं नाव

जगदेव गुरुजींवर सिनेमा निघाला ही बातमी मेडशीत पोहोचली, तेव्हा गावाने पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्यात नटी कोण आहे. नटी नाही, मारामारी नाही, गुरुजी नुसते गातात आणि मधून मधून खुर्चीत बसून बोलतात, असं कळल्यावर गावाचा हुरूप ओसरला. "मंग त्यात पाह्यचं काय? थे तं आमी रोजच पाह्यतो," असं म्हणून लोक पुन्हा तुरीच्या मळणीला लागले. पण पुढे पुण्याच्या कुठल्याशा महोत्सवात त्या माहितीपटाला बक्षीस मिळालं, पेपरात गुरुजींचा तंबोऱ्यासकट फोटो छापून आला, आणि एका दिवसात ते सगळ्या गावाचे 'आपले गुरुजी' झाले. पानठेल्यावर त्यांच्या चहाचे पैसे कोणी घेईना.

माणसाने अशा वेळी हुरळून जायचं असतं. जगदेव मात्र चोरासारखा मान खाली घालून पानठेल्यासमोरून जाऊ लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. त्या सिनेमात तो काय बोलून बसला आहे हे गावाला अजून ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. जगदेवचा मालेगावला गायनाचा क्लास होता, आणि शिरपूरच्या जैन मंदिरात यात्रेकरू आले की संध्याकाळी त्यांच्यासमोर तो भक्तिगीतं गायचा. तिथले कापडाचे व्यापारी पूनमचंदजी त्याच्या गाण्यावर फिदा. त्यांची नात खुशबू पुण्याला सिनेमाचं शिकून आलेली. शहरातल्या मोठ्या घराण्यांपासून लांब, अशा आडगावांत शास्त्रीय गाणं पोहोचलं कसं, यावर तिला माहितीपट करायचा होता. आजोबांनी जगदेवचं नाव सुचवलं आणि आपला दिवाणखाना चित्रीकरणासाठी मोकळा करून दिला. एवढंच करून थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते स्वतः समोरच्या सोफ्यावर येऊन बसले, आणि सोबत चार प्रतिष्ठित मंडळी घेऊन बसले.

दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला. खुशबूने विचारलं, "गुरुजी, गाणं तुमच्यापर्यंत आलं कुठून?"

जगदेवने तोंड उघडायच्या आत सोफ्यावरून पूनमचंदजी बोलले, "अरे बेटा, त्याईच्या तं घरातच गाणं हाये. खानदानी गवई हायेत ते."

तिथे 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण चार प्रतिष्ठित माना कौतुकाने हलल्या, आणि जगदेव म्हणाला, "हो. वडिलांकडूनच आलं." एकदा उचलली जीभ लावली टाळ्याला, की मग ती थांबत नाही. वडील पहाटे राग आळवायचे, असं तो म्हणाला. वडील काकड्याला टाळ वाजवत असत, आणि टाळ समेवर पडलाच तर तो चुकून. आजोबा पखवाज वाजवायचे, असंही तो म्हणाला. आजोबांनी बैलाच्या पाठीशिवाय दुसऱ्या कुठल्या कातड्यावर थाप मारलेली कोणाच्या आठवणीत नव्हती.

मग खुशबूने एक जुना फोटो पुढे केला. तो तिला जगदेवच्या बायकोने, वर्षाराणीने, मोठ्या हौसेने पेटीतून काढून दिला होता. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी अशा बँडच्या ड्रेसमध्ये उभा असलेला काडीसारखा पोरगा म्हणजे जगदेव. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते ते हरिसिंग मास्तर.

"हे कोण?" खुशबूने विचारलं.

"हे हरिसिंग," जगदेव शुद्ध मराठीत म्हणाला. "तांड्यावरचे बँडवाले. लग्नात वाजवायचे. मला लहानपणी तो ड्रेस घालायची हौस होती, म्हणून एकदा फोटो काढला."

आता खरं काय ते सांगतो. मेडशीबाहेरच्या बंजारा तांड्यावर हरिसिंग मास्तरांचा ब्रास बँड होता. पंचक्रोशीतलं एक लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे. जगदेव त्या बँडमध्ये खुळखुळा वाजवायला म्हणून गेला, कारण खुळखुळा वाजवायला अक्कल लागत नाही असं त्याच्या वडिलांचं मत होतं. वरातीत मास्तरांच्या क्लॅरोनेटमधून सिनेमाची गाणी निघायची, पोरं धूळ उडवत नाचायची. नवरदेव मांडवात शिरला, की मास्तर एकटेच शेताच्या बांधावर जाऊन बसायचे आणि त्याच क्लॅरोनेटमधून तोडी काढायचे. "रस्त्यावर लोकाईचं वाजवावं, बांधावर आपलं," असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी या खुळखुळावाल्याला मागे उभं राहून गुणगुणताना पकडलं आणि त्या दिवसापासून बांधावर दोघं बसू लागले. मास्तर एक तान वाजवायचे, पोराने ती गळ्यातून काढायची. नाही निघाली तर पुन्हा. अशी कितीतरी लग्नं गेली. जगदेवच्या गळ्यात जे काही होतं ते सगळं त्या बांधावरचं होतं.

खुशबूच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. तिचा अख्खा सिनेमा ज्या उत्तराच्या शोधात निघाला होता ते फोटोत उभं होतं, आणि जगदेवने त्याला एका वाक्यात बँडवाला करून बाजूला सारलं.

का? तर पोटच्या पोरींना गाणं शिकायला पाठवणाऱ्या मालेगावच्या मंडळींना आपण वरातीपुढे झालरीचा कोट घालून चालत होतो, दारू प्यालेल्या पोरांनी ओवाळलेल्या नोटा दातांत धरत होतो, हे कळू नये असं त्याला वाटत आलं होतं. लपवता लपवता सवय झाली होती. आणि त्या दिवशी सोफ्यासमोर ती सवय बोलली.

पुण्यापर्यंत ठीक होतं. पुण्याला कोण ओळखतं? पण एके दिवशी खुशबूचा फोन आला. "गुरुजी, आपण पिक्चर मेडशीत दाखवू. ज्यांचं गाणं त्यांच्या गावात. दादाजींनी पडदा, प्रोजेक्टर सगळं कबूल केलंय."

"त्यातलं थे... घरचं, वडिलांचं बोलणं कापता नाही येणार का?" जगदेवने विचारलं.

"अहो, तेच तर सगळ्यात छान आलंय!" ती म्हणाली.

घरी वर्षाराणीला त्याने सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकता ऐकता तिचं लाटणं थांबलं.

"त्या मास्तरानं तुमाले गाणं देल्लं, आन् तुमी त्याले बँडवाला म्हटलं?" ती म्हणाली. "आन् फोटो मीच देल्ला. देवा! माह्याच हातानं."

"सगळ्यायसमोर बोलता नाही आलं."

"मंग आता एकट्यात जाऊन बोला. त्याईले दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं."

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच त्याला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तांड्यावर गेला. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला लाल पागोटं, मांडीवर क्लॅरोनेट. वाजवण्याइतका दम आता उरला नव्हता, पण रोज पुसून ठेवायचे. जन्मभर ढोल-ताशांच्या शेजारी उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते. मुलाने, प्रेमसिंगने, अकोल्याहून कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते मशीन शिट्टी मारतं, आणि मारतं तीही बेसूर, असं म्हणून मास्तरांनी ते कोनाड्यात ठेवून दिलं होतं. आता त्यांना काही सांगायचं म्हणजे डाव्या कानाशी तोंड नेऊन बोंबलावं लागे.

जगदेवच्या हे वाटेत लक्षातच आलं नव्हतं. जी गोष्ट कुजबुजायलाही जीभ धजत नव्हती, ती आता बोंबलून सांगायची होती. शेजारच्या अंगणात बाया धान्य पाखडत होत्या, समोर प्रेमसिंग डीजेची वायर सोडवत बसला होता. बँडचा धंदा गेल्यापासून तो डीजे लावायचा. जगदेव मास्तरांच्या कानाशी वाकला. छातीत श्वास भरून घेतला.

"तब्येत कशी हाये?" तो ओरडला.

"एकदम फस्ट!" मास्तर त्याहून मोठ्याने म्हणाले. मग त्याच्या गालावर थापटी मारून म्हणाले, "तुहा सिनेमा येऊन राह्यला म्हनते! म्या परेमले सांगून ठेवलं, पयल्या लाइनीत बसव मले. आयकू येत नाई तं काय झालं, पाह्यता येते ना!"

जगदेवने मान डोलावली आणि चहा न घेताच परतला. घरी वर्षाराणीने नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि विचारायचं ते न विचारता पाण्याचा गडू समोर ठेवला. त्याला त्या पाण्याचीही लाज वाटली.

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना सोयाबीनवर झाकायच्या ताडपत्र्या बांधून अंधार करण्यात आला. पुढे सतरंजी, मागे मालेगावहून आलेल्या क्लासच्या पालकांसाठी खुर्च्या, आणि सतरंजीच्याही पुढे खास मंडळींसाठी पाच-सहा खुर्च्या. एका खुर्चीत पूनमचंदजी, शेजारी सरपंच, मग खुशबू, मग जगदेव. आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला, धुतलेल्या धोतरात, नव्या पागोट्यात हरिसिंग मास्तर. त्यांच्या पायाशी प्रेमसिंग. मास्तरांनी जगदेवकडे पाहून हात उंचावला, नातवाच्या शाळेतल्या नाटकाला आलेल्या आजोबासारखा.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर जगदेव गात होता. मास्तरांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण ते पडद्यावरच्या जगदेवच्या मांडीवर पडणारा हात बघत होते, गळ्याची शीर बघत होते, आणि बरोबर समेवर मान हलवत होते. एकदा तर हलकेच 'वा' म्हणाले. पडद्यावरचा जगदेव बिनघोर गात होता आणि खुर्चीतल्या जगदेवच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. वीज जावी, असा त्याने मनात धावा केला. रोज जाणारी वीज त्या दिवशी हटून बसली.

मग ती मुलाखत आली. वडील, पहाट, राग. हॉलमध्ये चुळबूळ झाली. पखवाजाचं वाक्य आलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आज्जानं पखवाज? थे तं बैल हाकलत होते ना बाप्पा!" खसखस पिकली. पूनमचंदजींनी मागे वळून पाहिलं. जगदेवला वाटलं, हसू द्या, जन्मभर हसू द्या, फक्त पुढचं येऊ नये.

पुढचं आलंच. पडदाभर तो फोटो उमटला. लाल कोट, झालर, खांद्यावरचा हात.

"थो मी!" हरिसिंग मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, आख्खं समाजमंदिर दणाणलं. "परेम, थो मी हाय ना! थो मीच!"

यावेळी कोणी हसलं नाही. पडद्यावर खुशबूचा आवाज आला, 'हे कोण?' आणि पडद्यावरचा जगदेव, तोंड भरून हसत, म्हणाला, 'हे हरिसिंग. तांड्यावरचे बँडवाले.'

आणि ते म्हणताना त्याचा उजवा हात वर गेला. बोटांनी कानाची पाळी धरली, सोडली, आणि हात खाली आला.

जगदेवला स्वतःला हे ठाऊकच नव्हतं. चित्रीकरणाच्या वेळी हात कधी गेला ते त्याला कळलं नव्हतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत रीत आहे, गुरूचं नाव तोंडातून निघालं की कानाला हात लावायचा. मास्तरांच्या बँडमध्ये तर हा कायदा होता. त्यांच्या गुरूचं नाव घेताना पोराने स्वतःचा कान धरला नाही, तर मग तो मास्तर धरायचे, आणि पिळायचे. इतकी वर्षं झाली तरी हात विसरला नव्हता. जिभेने गुरूला बँडवाला केलं त्याच क्षणी हाताने आपलं इमान राखलं होतं, आणि कॅमेऱ्याने दोन्ही टिपलं होतं. मेडशीत तांड्यावरच्या बँडमध्ये वाजवून आलेली माणसं काही थोडी नव्हती. हॉलमधल्या कितीतरी जणांना त्या हाताचा अर्थ कळला. खुशबूने मान वळवून जगदेवकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडत गेलेला त्याने पाहिला. त्याला वाटलं, मागची सतरंजी उचलावी आणि तिच्याखाली जाऊन झोपावं.

'लग्नात वाजवायचे,' पडद्यावरचा जगदेव बोलतच होता. 'मला लहानपणी तो ड्रेस घालायची हौस होती...'

हरिसिंग मास्तरांनी खाली वाकून प्रेमसिंगचा खांदा धरला.

"कान धरला त्यानं," ते म्हणाले. सगळ्या हॉलने ऐकलं. "म्या पाह्यलं. माह्यं नाव घेतलं ना पोट्ट्यानं? सांग ना बे, घेतलं ना?"

प्रेमसिंगने आधी जगदेवकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं, अक्षर न् अक्षर. जगदेवला वाटलं, आता तो सांगणार, आणि बापाच्या डाव्या कानात ओरडून सांगणार, म्हणजे समाजमंदिराला आणि बाहेरच्या बसस्टँडलाही ऐकू जाणार. सांगावं त्याने. त्याचा हक्कच होता.

प्रेमसिंग उठला, बापाच्या कानाशी वाकला. "हो बा," तो ओरडला. "घेतलं तुमचं नाव. घेतलं."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. नाव घेतलं होतंच. मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसायला लागले. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. जवळपास कोणीच पाहिला नाही.

ताडपत्र्या सोडल्या, उन्हाने डोळे दिपले. टाळ्या वाजल्या, पण पाहुण्यांच्या मानासाठी वाजवाव्यात तितक्याच. सरपंच भाषणाला उठले आणि काय बोलावं न सुचून पुन्हा बसले. बायकांच्या रांगेत वर्षाराणी पदर तोंडाला लावून जमिनीकडे बघत होती.

जगदेव उठून मास्तरांकडे गेला तेव्हा वाटेत प्रेमसिंग उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "थे मी माह्या बापासाठी बोल्लो, गुरुजी. तुमच्यासाठी नाई."

"मले मालूम हाय," जगदेव म्हणाला.

तो मास्तरांच्या पायाशी बसला. मास्तरांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "इतल्या लोकाईत नाव घेतलं माह्यं," ते म्हणाले. "पुन्यालेबी घेतलं असन ना? तिथंबी पाह्यलं असन सगळ्याईनं. बापा, आता काई नाई पाह्यजे मले."

जगदेवला ते सहन होईना. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो गुडघ्यांवर उठला, मास्तरांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं, आणि तांड्यावर जे बोलता आलं नव्हतं ते आता हुंदक्यांत अडखळत, छातीच्या जोरावर ओरडला.

"मास्तर, नाही घेतलं मी! मी तुमाले बँडवाला म्हटलं! बापाचं नाव सांगतलं, खोटं सांगतलं! मले तुमी शिकवलं! हरिसिंग मास्तरायनं शिकवलं मले!"

पूनमचंदजींनी ऐकलं, खुशबूने ऐकलं, मालेगावहून आलेल्या क्लासच्या पालकांनी ऐकलं. आणि ते नाव तोंडातून निघालं तसा जगदेवचा हात पुन्हा कानाला गेला, आणि तो ढसाढसा रडायला लागला.

मास्तरांना नुसती आरोळी कळली. हुंदक्यांत तुटलेले शब्द त्यांच्या कानात शिरणं शक्यच नव्हतं. त्यांनी फक्त हात कानाला जाताना पाहिला.

"बस, बस," ते त्याचा हात कानावरून काढत म्हणाले. "कायले वरडतं? एकदा घेतलं ना नाव. म्या पाह्यलं." आणि प्रेमसिंगकडे वळून कौतुकाने म्हणाले, "पाह्य ना कसा रडून राह्यला. लहानपनापासून असाच हाय थो, लय इमानदार पोट्टं."